दुसऱ्याची चिठ्ठी

किस्से जमवायला मी कधी बसले नाही. ते आपोआप साठतात, फ्रीजच्या दारावर मॅग्नेट साठतात तसे. कुणी सिमल्याहून आणतं, कुणी अमृतसरहून, आणि एक दिवस लक्षात येतं की दारावर जागाच उरलेली नाही. आमच्या अर्थशास्त्र विभागाचं तसंच झालंय. गेल्या आठवड्यापर्यंत मला हे किस्से हसत सांगवत नव्हते. आता सांगवतात. का, ते शेवटी कळेलच.

तर आधी ओळख. मी मूळची सांगलीची. नवऱ्याची, म्हणजे हेमंतची, बदली इथल्या सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत झाली आणि आम्ही 'फक्त तीन वर्षांसाठी' चंडीगडला आलो. त्याला चौदा वर्षं झाली. मी इथल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. विभागात आम्ही तिघेच. ढिल्लों मॅडम विभागप्रमुख, बन्सल सर सगळ्यात सीनियर आणि तिसरी मी, पाटील मॅडम.

बन्सल सर म्हणजे शिस्त. तीस वर्षं मागणी-पुरवठ्याच्या त्याच दोन रेषा ते फळ्यावर काढतात, तेही पट्टी न वापरता, आणि त्या बरोबर मधोमध छेदतात. त्यांचा माझ्यावर राग नव्हता. माझ्या पेपरवर होता.

* * *

पेपर, म्हणजे मी सुचवलेला नवा विषय, साधाच होता. अर्थशास्त्र एकाच पद्धतीने विचार करत नाही, हे मुलांना कळावं. भाव का वाढले, नोकऱ्या का गेल्या, घरात राबणाऱ्या बाईचं काम देशाच्या उत्पन्नात का धरत नाहीत, अशा प्रश्नांना बाजाराच्या बाजूने एक उत्तर मिळतं, कामगाराच्या बाजूने दुसरं, समाजाच्या रीतीभातीतून तिसरं, निसर्गाच्या बाजूने चौथं. आम्ही मुलांना पहिलंच शिकवतो आणि त्यालाच विषय म्हणतो. मी म्हटलं, उरलेलीही शिकवू या.

बन्सल सर म्हणाले, "मैडम, एक बीमारी की चार दवाइयाँ लिखोगे तो मरीज़ भाग जाएगा."

खुर्चीशेजारी टेकवलेली काठी ढिल्लों मॅडमनी उचलली आणि पुन्हा टेकवली.

"बन्सल जी, घुटने के लिए मैंने तीन डॉक्टरों को दिखाया. तीनों बोले, ऑपरेशन. चौथा बोला, पहले वज़न घटाओ."

"तो फिर?"

"फिर क्या. चौथे के पास मैं ऑपरेशन के बाद गई थी."

पेपर मंजूर झाला. पण प्रायोगिक, दोन वर्षांसाठी. त्यानंतर अभ्यासक्रम समिती ठरवणार, ठेवायचा की काढायचा. हा पेपर मांडायला मला अकरा वर्षं लागली होती. तो दोन वर्षांत गेला असता तर मी पुन्हा नव्याने उभी राहिले असते असं मला वाटत नाही. तेवढा जोर आता राहिला नाही.

* * *

पहिल्या वर्षी चाळीस मुलं आली. त्यात लातूरचा ओजस होता. माझं आडनाव टाइमटेबलवर वाचूनच त्याने पेपर घेतला होता, हे त्याने स्वतःच सांगितलं. घरापासून एवढं लांब आलेल्या मुलाला मी काय बोलणार.

मी महागाईची चार स्पष्टीकरणं दिली. तास संपला तसा ओजस टेबलापाशी आला. "मॅडम, ते सगळं ठीक आहे, पण खरं उत्तर कोणतं?"

मी मराठीतच म्हटलं, "अरे, तेच तर तू ठरवायचंस. कुठल्या उत्तराला काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते बघायचं."

तो "बरं" म्हणून गेला. हे दर तासाला व्हायला लागलं. तो मराठीत विचारायचा, मी मराठीत तेच सांगायची.

तिसऱ्या आठवड्यात वर्गाचं शिष्टमंडळ ढिल्लों मॅडमकडे गेलं. तक्रार लेखी होती. पाटील मॅडम वर्गाला चार उत्तरं सांगतात आणि खरं उत्तर ओजसला वेगळं, मराठीत सांगतात.

मॅडमनी ओजसला बोलावलं. "बता, क्या बताती हैं?"

ओजस म्हणाला, "मैडम, मुझे भी नहीं बतातीं. मैं तो रोज़ इसी उम्मीद में रुकता हूँ."

* * *

तेव्हाच मी डबा सुरू केला. निषादचा, म्हणजे माझ्या मुलाचा, जुना शाळेचा स्टीलचा डबा. नियम एवढाच, की वादाच्या प्रश्नावर प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. मग डबा हलवायचा आणि एकेक चिठ्ठी काढायची. हातात येईल ते मत आपलं समजून मांडायचं, आणि असं मांडायचं की ते लिहिणाऱ्याला वाटावं, हे मलाही सुचलं नव्हतं. स्वतःचीच चिठ्ठी आली तर परत टाकायची.

पहिले दोन तास नुसते खिदळण्यात गेले. नंतर मुलं गंभीर झाली. ज्या मताची आपण टिंगल करत होतो ते मांडायची वेळ आली की आधी ते समजून घ्यावं लागतं, यातून कुणालाच पळवाट नव्हती.

बन्सल सरांनी दारातून एकदा पाहिलं आणि म्हणाले, "किटी पार्टी में भी यही डिब्बा चलता है."

* * *

मुलांना मी अपनी मंडीत नेलं. शेतकरी स्वतः माल आणून विकतात तो इथला आठवडी बाजार. प्रश्न दिला होता, भाजीबरोबर कोथिंबीर-मिरची फुकट का देतात? बन्सल सरही आले, कारण त्यांना घरची भाजी घ्यायची होती.

एका सरदारजींच्या गाड्यापाशी आमचा घोळका थांबला. ओजस म्हणाला, गिऱ्हाईक परत यावं म्हणून. दुसरी मुलगी म्हणाली, सगळे देतात, एकट्याने नाही दिली तर वाईट दिसतं. काजल म्हणाली, संध्याकाळपर्यंत कोथिंबीर सुकणारच आहे, टाकण्यापेक्षा दिलेली बरी. ही काजल पिंजौरहून रोज बसने यायची, कमी बोलायची आणि बोलली की वही काढावीशी वाटायची.

बन्सल सर भेंडी निवडता निवडता म्हणाले, "इतना सोचने की बात नहीं है. प्राइस में पहले से जुड़ा है."

सरदारजी सगळं ऐकत होते. "तुसी सारे ठीक हो जी," ते म्हणाले. "सवेरे मुँह देख के देता हूँ, दोपहर को रिवाज देख के, शाम को माल देख के."

मी ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. एवढं नेटकं मला अकरा वर्षांत मांडता आलं नव्हतं.

सरांनी भावात बरीच घासाघीस करून भेंडी आणि टोमॅटो घेतले. पिशवीत पाहिलं, तर कोथिंबीर नाही. "सरदार जी, धनिया?"

"जी, वो तो प्राइस में जुड़ा था. प्राइस आपने घटवा दिया, वो भी उसी में गया."

परतीच्या बसमध्ये सर एवढे खूश होते की त्यांनी मुलांना दोनदा ऐकवलं, "देखा? थ्योरी सही निकली." घरी जाऊन त्यांनी आमटीत काय घातलं ते मी विचारलं नाही.

* * *

परीक्षा जवळ आली तसा परीक्षा शाखेतून फोन आला. प्रत्येक प्रश्नाबरोबर उत्तरसूची द्यावी लागते. माझ्या सूचीत एका प्रश्नापुढे मी लिहिलं होतं, 'एकच योग्य उत्तर नाही, मांडणी तपासावी.'

तिकडचे बाबू अतिशय सभ्य होते. "मैडम, यहाँ एक ही उत्तर भरने की जगह है. खाली छोड़ूँ तो कंप्यूटर आगे नहीं जाता."

मी त्यांना शांतपणे समजावलं. बेकारी कशामुळे येते, यावर अर्थशास्त्रज्ञांमध्ये एकमत नाही. काही म्हणतात मजुरी जास्त आहे म्हणून, काही म्हणतात लोकांकडे खरेदीला पैसा नाही म्हणून. दोन्हीकडे मोठी मोठी माणसं आहेत.

"मतलब अभी तक तय नहीं हुआ?"

"नहीं जी."

मग ते आपुलकीने म्हणाले, "तो मैडम, बच्चों की परीक्षा अभी क्यों ले रहे हो? पहले तय होने दो."

मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा बन्सल सर चहा बाजूला ठेवून हसले. समितीत त्या बाबूंना घ्या, असंही म्हणाले. मी हसले खरी, पण ती समिती आता चार महिन्यांवर आली होती आणि सर तिच्यात होते.

* * *

डबा घरी आणला ती माझी चूक. निषाद तेव्हा दहावीत होता. अकरावीपासून त्याने कोचिंग क्लासला जावं असं हेमंतचं म्हणणं, जाऊ नये असं माझं. आठवडाभर घरात हेच. आम्ही मराठीत भांडत होतो आणि निषाद नेहमीप्रमाणे हिंदीत कंटाळत होता.

शेवटी त्याने माझ्या पर्समधून डबा काढून टेबलावर ठेवला. "मम्मा, रूल इज़ रूल. आप पापा का बोलो, पापा आपका बोलेंगे."

हेमंत उपकरणांचा माणूस. तो कुठलंही काम अर्धवट करत नाही. कोचिंगने मुलांचं काय नुकसान होतं ते त्याने वीस मिनिटं असं मांडलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी उठले. इथे आपले नातेवाईक नाहीत, ओळखीपाळखी नाहीत, पोराला बरोबरीची चार मुलं कुठे भेटणार, स्पर्धेची सवय कशी होणार, असं मी बोलत गेले. बोलता बोलता मला ते पटत गेलं. खरंच पटलं.

आता घरात भांडण तेच आहे. फक्त कोचिंग हवं म्हणणारी मी आहे.

निषादने डबा मला परत दिला. "इसे कॉलेज में ही रखो," म्हणाला.

* * *

बन्सल सर एकदा माझ्या टेबलापाशी आले आणि एक उत्तरपत्रिका समोर आपटली. ते कधी काही आपटत नाहीत, त्यामुळे मी घाबरले.

"ये आपका असर है."

पेपर त्यांच्या विषयाचा होता, पत्रिका काजलची. प्रश्न होता, किमान मजुरी वाढवली तर रोजगारावर काय परिणाम होईल? काजलने सरांची आकृती काढली होती, रेषा स्वच्छ, उत्तर पुस्तकातलं, की मजुरी वाढली म्हणजे मालक माणसं कमी करतो. आणि त्याखाली रेघ मारून आणखी एक पान लिहिलं होतं.

आमच्या पिंजौरला एक पॅकिंगचा कारखाना आहे, तिने लिहिलं होतं. माझी आई तिथे आहे. मजुरी वाढली तेव्हा मालकाने कुणालाच काढलं नाही. पूर्वी बायका दर महिन्याला काम सोडून जायच्या आणि मालकाला सारख्या नव्या शिकवाव्या लागायच्या. मजुरी वाढल्यावर त्यांनी सोडणं बंद केलं. आता आई म्हणते, डबे कमी फुटतात. हे आकृतीत कुठे दाखवायचं ते मला समजलं नाही, म्हणून खाली लिहिलं.

मी वाचून पत्रिका मिटली. "सर, किती दिले?"

"पूरे. डायग्राम ठीक था."

"आणि हे पान?"

ते उभेच होते. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "इसको काटने के लिए घर ले गया था," ते म्हणाले. "वापस ले आया हूँ."

पानावर लाल शाईचा एक ठिपका होता. पेन टेकवलेला, पुढे न ओढलेला.

* * *

आणि मग गेल्या आठवड्यातली ती बैठक.

समितीत पाच जण. ढिल्लों मॅडम अध्यक्ष, बन्सल सर, मी आणि दुसऱ्या कॉलेजांतून आलेले दोन प्राध्यापक. शिवाय कार्यवृत्त लिहायला ऑफिसचे क्लार्क. पेपर राहायला तीन मतं हवी होती. बाहेरच्या दोघांचं काय मत आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. माझं मत मला ठाऊक होतं. मॅडमचंही ठाऊक होतं. म्हणजे दोन.

मी माझी टिपणं काढली. रात्र रात्र जागून नव्हे, पण दोन वर्षं मनात घोळवून केलेली. तेवढ्यात बन्सल सर म्हणाले, "एक मिनट. मैडम की क्लास में जो नियम है, वो यहाँ चलेगा कि नहीं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. नाही कशी म्हणणार होते? दोन वर्षं चाळीस-चाळीस मुलांना तोच नियम लावला होता. मी पर्समधून डबा काढला. सरांनी चिठ्ठी लिहिली, मी लिहिली. दोनच चिठ्ठ्या, त्यामुळे कुणाला काय येणार हे उघड होतं, तरी सरांनी डबा नीट हलवला.

मला आलेल्या चिठ्ठीवर त्यांचं टपोरं अक्षर होतं. 'पेपर बंद हो.'

मनात आलं, वरवर बोलावं आणि बसावं. पण मग डब्याला काय अर्थ? मी टिपणं उलटी ठेवली आणि उठले. म्हटलं, मुलाला आधी एक हत्यार नीट धरता आलं पाहिजे. एकदम चार दिली की काही मुलं चारही खिशात ठेवतात आणि एकही वापरत नाहीत. 'यावर दोन्ही बाजू आहेत' असं लिहून पान संपवणारी मुलं मी या दोन वर्षांत पाहिली, त्यांना मी गुणही दिले. मत मांडायला जी हिंमत लागते ती आम्ही शिकवली की ती टाळायची सोय करून दिली, हे मला आज खात्रीने सांगता येत नाही. हे सगळं खरं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच. बाहेरच्या प्राध्यापकांपैकी एक मान डोलवायला लागले, तरी मी थांबले नाही.

मग बन्सल सर उठले. त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. काजलच्या त्या पानाची झेरॉक्स.

त्यांनी ते पान सावकाश वाचून दाखवलं. मग म्हणाले, "तीस साल मैंने ये डायग्राम पढ़ाया है. डायग्राम ग़लत नहीं है. पर इस पन्ने का जवाब मेरे पास नहीं था. होता, तो मैं काट देता." आणि बसले. एवढंच बोलले. पट्टीशिवाय काढलेल्या त्यांच्या रेषांसारखंच ते नेमकं होतं.

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "जो पेपर रखने के पक्ष में हैं, हाथ उठाएँ."

मी मोजत होते. मॅडम, एक. मान डोलावणारे प्राध्यापक, दोन. त्यांच्या शेजारचे, तीन. तेवढीच हवी होती. मग बन्सल सरांचा हात वर गेला. चार. पेपर राहिला होता. अकरा वर्षं आणि वर ही दोन, सगळी पावली होती.

"विरोध में?" मॅडमनी रीत म्हणून विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बन्सल सरांकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग सगळ्यांची नजर जिथे होती तिथे. माझा हात वर होता.

"पाटील मैडम," मॅडम हळूच म्हणाल्या, "बदलना है?"

मी हात तसाच वर ठेवला. "नहीं मैडम. रहने दीजिए."

बन्सल सरांनी डब्याचं झाकण लावलं आणि क्लार्ककडे वळले. "लिखो जी, चार-एक. और मैडम से वजह भी लिखवा लेना."

मी वजह लिहून दिली. दीड पान झालं.